ओपन काय आला?

दिवाळीच्या पाडव्याला जुन्या ग्रंथकारांनी आणखी एक नाव देऊन ठेवले आहे : द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळायला बसले आणि त्यात शंकर हरले, अशी कथा आहे. वर्गात मी ही कथा सांगितली की शेवटच्या बाकावरची मंडळी खडबडून जागी होतात. जुगाराला शास्त्राधार सापडला, याचा त्यांना कोण आनंद! मग मी त्यांना ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त समजावून देते. त्यातल्या जुगाऱ्याची सासू त्याचा द्वेष करते, बायको त्याला दूर लोटते, कर्जापायी तो रात्री परक्याच्या घराकडे जातो; आणि आता खेळायचे नाही असा निश्चय करूनही फाशांचा खुळखुळाट कानी पडला की त्याची पावले तिकडेच वळतात. एवढे सांगून होईपर्यंत शेवटचा बाक पुन्हा डुलक्या घेऊ लागलेला असतो.

त्यांना तरी काय दोष द्यावा? वीस वर्षे मी ते सूक्त शिकवीत आले, पण त्यातला जुगारी मला कधी दिसला नव्हता. तो दिसला २०२५ च्या मार्च महिन्यात, अमेरिकेतल्या सिनसिनाटी या गावी, दूरदर्शनच्या पडद्यावर बेसबॉलचा सामना चालू असताना. आणि खरे सांगायचे तर, तो मला आधी माझ्याच बोटांत दिसला.

मंडईची मिरवणूक

ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. भावोजींची नोकरी फिरतीची. ‘महिनाभर येऊन राहशील का गं?’ असा ताईचा फोन आला आणि मी शिल्लक राहिलेली सगळी रजा गोळा करून निघाले. ऐन परीक्षांच्या तोंडावर रजेचा अर्ज घेऊन येणाऱ्या प्राध्यापिकेकडे प्राचार्य कोणत्या नजरेने पाहतात, ते इथे सांगत नाही.

सिनसिनाटी हे ओहायो नदीच्या काठी वसलेले गाव. पूल ओलांडला की पलीकडे केंटकी राज्य लागते. मी पोचले त्या आठवड्यात गाव लाल रंगाने भरून गेले होते. दुकानांच्या काचांवर लाल पताका, बँकेतल्या बाईच्या गळ्यात लाल रुमाल, शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या अंगावर लाल बंडी. मला वाटले, निवडणूक असावी.

‘मावशी, गुरुवारी ओपनिंग डे आहे!’ भाचा म्हणाला.

‘ओपन’ हा शब्द ऐकला की आमच्या माहेरच्या माणसांना थोडे दचकायला होते. त्याचे कारण पुढे येईलच. इथे त्याचा अर्थ एवढाच, की व्यावसायिक बेसबॉलच्या हंगामाचा तो पहिला दिवस. अमेरिकेत सगळीकडेच त्याचे कौतुक असते. पण सिनसिनाटीचा तो सण आहे. उघडपणे पगार देऊन खेळाडू बाळगणारा पहिला संघ १८६९ साली याच गावाने उभा केला. त्याचा मान म्हणून इथला ‘रेड्स’ संघ आपला हंगाम बहुधा घरच्याच मैदानावर सुरू करतो. त्या दिवशी शाळांना सुट्टी नसते; पण निम्मी मुले नेमकी त्याच दिवशी आजारी पडतात, असे ताईने सांगितले. हंगामाचा पहिला चेंडू फेकण्याची राष्ट्राध्यक्षांची प्रथा १९१० साली ज्या टाफ्टसाहेबांनी वॉशिंग्टनला सुरू केली, ते गृहस्थदेखील मूळचे सिनसिनाटीचेच.

गुरुवारी, २७ मार्चला, दुपारी भाच्याबरोबर मी मिरवणूक पाहायला गेले. फिंडले मार्केट नावाची तिथे जुनी मंडई आहे. तिथले व्यापारी १९२० पासून ही मिरवणूक काढतात. बँड, सजवलेल्या गाड्या, खांद्यावर पोरे घेतलेले बाप, पायाखाली शेंगांची टरफले. मंडईच्या गणपतीमागे पुण्यात मी लहानपणी अशीच चालले आहे. मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. ‘छान सण आहे रे तुमचा,’ मी म्हणाले. भाच्याने मान हलविली. पण त्याचे लक्ष मिरवणुकीकडे नव्हते. तो हातातल्या फोनवर अंगठा फिरवीत होता.

दुकानदार कोरा सुटतो

माझा भाचा बावीस वर्षांचा. जन्म तिकडचा, पण ताईने त्याला कसून मराठी शिकविली आहे. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला, स्वभावाने गरीब, आणि मावशीला काहीही समजावून द्यायला एका पायावर तयार. परतताना मोटारीत मी विचारले, ‘एवढे काय पाहतोस त्या फोनमध्ये?’

‘भाव,’ तो म्हणाला.

मग त्याने मला सगळे शास्त्र सांगितले. माझ्यासारख्या अडाणी बाईला जे कळले ते असे. समजा, आजच्या सामन्यात घरचा संघ थोडा वरचढ मानला आहे. त्याच्यावर शंभर डॉलर मिळवायचे तर १३० लावावे लागतात. पाहुण्या संघावर शंभर लावले तर मात्र ११० मिळतात. आता एका माणसाने घरच्या संघावर १३० लावले, दुसऱ्याने पाहुण्यांवर १००. दुकानात जमा झाले २३०. घरचा संघ जिंकला तर पहिल्याला त्याचे १३० आणि वर १०० द्यायचे, म्हणजे २३०. दुकानदार कोरा सुटला. पाहुणे जिंकले तर दुसऱ्याला त्याचे १०० आणि वर ११०, म्हणजे २१०. वीस डॉलर गल्ल्यात राहिले. सामना कोणीही जिंको, दुकानदाराच्या खिशाला चाट नाही. खेळणाऱ्याला मात्र नुसते बरोबर असून भागत नाही. पुष्कळ वेळा बरोबर असावे लागते.

‘मग कशाला लावतोस?’

‘कारण मला खेळ कळतो, मावशी. दुकानात येणाऱ्या बाकीच्यांना कळत नाही.’

हे वाक्य मी पूर्वी कुठेतरी ऐकले आहे असे मला वाटले. पण कुठे, ते त्या क्षणी आठवेना.

बेसबॉलसारखा फसवा खेळ पैजेला दुसरा नसेल. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. उत्तमातला उत्तम संघही त्यांतले साठ-एक हरतोच. मग एका सामन्यावरून काय ठरणार? त्यातून पहिला सामना म्हणजे तर निव्वळ अंधार. हाताशी असतात ते गेल्या वर्षीचे आकडे आणि फ्लोरिडा-ॲरिझोनातल्या सराव-सामन्यांच्या बातम्या. कोणाचा हात बसला आहे, कोणाचा खांदा दुखतो आहे, हे अजून कोणालाच कळलेले नसते. दोन्ही संघ आपापला सर्वांत चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, त्याच दिवशी पुढे करतात. हवेत गारठा असतो, चेंडू फारसा उडत नाही. एखाद्याच धावेने इकडचे तिकडे होते.

याचे दाखले भाच्याच्याच तोंडून ऐकले. शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाने २०२४ साली १२१ सामने हरून आधुनिक काळातला नामुष्कीचा विक्रम केला. आणि आम्ही मिरवणूक पाहत होतो त्याच २७ मार्चला, नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात, त्यांनी समोरच्यांना ८-१ असे लोळविले. पुढे वर्षभरात ते १०२ सामने हरले, ही गोष्ट वेगळी. त्याहून नामी गोष्ट टफी ऱ्होड्स नावाच्या खेळाडूची. १९९४ च्या हंगामाचा पहिला दिवस. हा गडी शिकागोच्या कब्ज संघाकडून उतरला आणि पहिल्या तीन खेपांना त्याने तीन वेळा चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. तीन होमरन! लोकांना वाटले, अवतार झाला. त्या दिवशी कब्ज १२-८ असे हरले. आणि त्या सबंध हंगामात ऱ्होड्सचे एकूण होमरन झाले आठ. पुढे तो जपानला गेला आणि तिथे मात्र त्याने साडेचारशेवर होमरन मारून नाव काढले. माणूस खोटा नव्हता. पहिला दिवस खोटा होता.

भाचा हे हसतहसत सांगत होता. ज्याला एवढे कळते त्याने त्याच पहिल्या दिवसावर पैसे का लावावे, हे मला विचारायचे होते. पण तेवढ्यात घर आले.

गावाचा मानकरी

मैदानाच्या दाराशी एक पुतळा आहे. तो मला आदल्या दिवशीच दाखविण्यात आला होता. हात पुढे करून, डोके खाली घालून जमिनीवर झेपावणारा एक खेळाडू. पीट रोझ. याच गावात जन्मला, याच संघाकडून गाजला. कारकिर्दीत त्याने ४,२५६ वेळा चेंडू यशस्वीपणे टोलावला. तेवढे आजवर कोणालाही जमलेले नाही. पण रेड्सचा व्यवस्थापक असताना त्याने बेसबॉलवर पैजा लावल्या, म्हणून १९८९ साली त्याला या खेळातून कायमचे बाहेर काढण्यात आले. पंधरा वर्षे त्याने कानांवर हात ठेवले आणि २००४ साली एकदाचे कबूल केले. २०२४ च्या सप्टेंबरात तो वारला. मी तो पुतळा पाहिला तेव्हा त्याच्यावरची बंदी कायम होती; ती मृत्यूनंतर, २०२५ च्या मे महिन्यात उठली.

बेसबॉलवाले पैजेला इतके का भितात, याचेही उत्तर याच गावाच्या इतिहासात आहे. १९१९ साली सिनसिनाटीने आपले पहिले विश्वविजेतेपद मिळविले. पण समोरच्या व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन ती मालिका सोडली होती, असे पुढे बाहेर आले. १९२१ साली न्यायालयातून खटल्यातले खेळाडू निर्दोष सुटले आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांनी आठांनाही जन्माची बंदी घातली. जिंकणाऱ्यांच्या हाती चषक आला तो असा.

पुढे काळ बदलला. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने अशा पैजा नेवाडासारखा अपवाद सोडला तर जवळजवळ सर्वत्र बंद होत्या. २०१८ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला आणि एकामागून एक तिसांहून अधिक राज्यांनी दारे उघडली. ओहायोत १ जानेवारी २०२३ रोजी पैज कायदेशीर झाली. त्या दिवशी सिनसिनाटीच्या एका जुगारगृहात पहिली पैज लावण्याचा मान कोणाला मिळाला असेल? पीट रोझला! ती त्याने आपल्या रेड्सवरच लावली. ज्या गोष्टीपायी गावाचा मोठा खेळाडू वाळीत पडला, तीच गोष्ट आता पोरासोरांच्या खिशातल्या फोनमध्ये चोवीस तास उघडी होती.

मेथीची जुडी

चार वाजता सामना सुरू झाला. ताई पाय उंच करून आरामखुर्चीत, मी शेजारी मेथीची जुडी निवडीत, भाचा जमिनीवर मांडी घालून. घरचा रेड्स आणि समोर सान फ्रान्सिस्कोचा जायंट्स. खेळाचे नऊ डाव. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात, आणि तीन गडी बाद झाले की पाळी संपते. इतके मला उमजले होते.

ताईला डुलकी लागली तेव्हा भाचा हळूच म्हणाला, ‘मावशी, सांग बरं, पुढचा चेंडू कसा पडेल? बॉल की स्ट्राइक?’ म्हणजे भलतीकडे जाईल की नेमका पडेल.

‘बॉल,’ मी आपले काहीतरी म्हणायचे म्हणून म्हणाले. त्याने फोनवर बोट दाबले. चेंडू भलतीकडे गेला. ‘जिंकलीस!’ तो म्हणाला. त्याच्या खात्यावर माझ्या नावाने दोन डॉलर जमा झाले होते.

एका चेंडूवर पैज! मला मोठी मौज वाटली. पुन्हा विचारले, पुन्हा सांगितले. कधी चुकले, पुष्कळदा बरोबर आले. माझ्या खाती आठ डॉलर झाले. पुढचा चेंडू, त्याच्या पुढचा चेंडू. पिचरने टोपी सारखी केली की तो बाहेरचा चेंडू टाकतो, असा एक सिद्धांतसुद्धा मी मनात बसविला. वीस-पंचवीस मिनिटे अशी गेली असतील. सहज मांडीकडे नजर गेली तो मेथीची जुडी जशीच्या तशी! माझी बोटे एक काडी धरून हवेत थांबली होती. अक्षसूक्तातला जुगारी मला दिसला म्हणाले, तो हा.

‘बस झालं,’ मी म्हणाले आणि मेथी पुढे ओढली. पण कान पडद्याकडेच होते.

आठ डाव संपले तेव्हा रेड्स ३-२ असा पुढे होता. जायंट्सची शेवटची पाळी उरली होती. तीन गडी बाद झाले की संपले. भाच्याच्या फोनवर एक हिरवी पट्टी उमटली. आत्ता थांबलात तर इतके डॉलर घेऊन जा, अशी ती सूचना.

‘मग घे की,’ मी म्हणाले.

‘फक्त तीन आऊट, मावशी.’

मग जायंट्सने बरोबरी साधली. दोन गडी बेसवर उभे असताना विल्मर फ्लोरेस फलंदाजीला आला आणि त्याने चेंडू मैदानाबाहेर टाकला. एका फटक्यात तीन धावा. पडद्यावरचे लाल गाव एकदम गप्प झाले. आपल्या पाळीत रेड्सने एक धाव कशीबशी काढली. सामना ६-४ असा गेला.

ताई जागी होऊन म्हणाली, ‘हरले का? अरे, पहिलाच तर सामना. अजून एकशे एकसष्ट आहेत.’

भाचा काही बोलला नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

लुगडे आणि कोट

रात्री ताई झोपल्यावर तो स्वयंपाकघरात भांडी पुसत उभा होता. एकच पातेले तो चार-चारदा पुसत होता. मी विचारले, ‘किती लावले होतेस?’

‘तीनशे.’

‘आणि आजपर्यंत?’

बराच वेळ तो बोलेना. मग आकडा सांगितला. दोन हजार आठशे डॉलर. त्यांतले पंधराशे भावोजींनी उन्हाळी सत्राच्या फीसाठी दिलेले. आजच्या तीनशेंनी भरपाईला सुरुवात व्हायची होती. ‘ओपनिंग डेपासून नीट खेळणार होतो, मावशी. नवा सीझन, नवा हिशेब.’

‘सुरुवात कशी झाली?’

सुरुवात फार गोड होती. एकविसावा वाढदिवस झाला, पैज लावण्याचे वय झाले. कंपनीनेच पहिली पैज आपल्या खर्चाने दिली. ती तो जिंकला. मग आणखी दोन जिंकला. त्या पैशातून त्याने ताईला लोकरीचा कोट घेतला. निळा, मोठ्या बटणांचा. तो कोट ताईने मला आल्या दिवशीच दाखविला होता. ‘लेकाच्या पहिल्या कमाईचा,’ म्हणाली होती.

मी खुर्ची ओढून बसले आणि त्याला आजोबांची गोष्ट सांगितली. ही गोष्ट ताईने त्याला कधी सांगितली नव्हती. आमच्या घरात ती सांगण्याची पद्धतच नाही.

आमचे आजोबा लालबागला राहत आणि परळच्या एका गिरणीत साचे चालवीत. १९५० नंतरचे ते दिवस. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात रुईचा खुलता भाव काय आला आणि बंद होताना काय राहिला, हे टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या बाजारात कळे. त्या भावांच्या आकड्यांवर गल्लोगल्ली पैजा लागत. त्याला नुसते ‘आकडा’ म्हणत. ज्याने न्यूयॉर्क नकाशातही पाहिले नाही असा माणूस रात्र रात्र न्यूयॉर्कच्या आकड्याची वाट पाहत बसे. १९६० च्या सुमारास ते भाव येणे थांबले, तेव्हा लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे ठरवायला सुरुवात केली, आणि मटका जन्मास आला. पण खुलत्या आणि बंद भावांची आठवण त्या धंद्यात ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ या शब्दांनी राहून गेली. ‘ओपन काय आला?’ हा प्रश्न आमच्या चाळीच्या जिन्यावर कैक वर्षे ऐकू येत होता.

आजोबा म्हणत, ‘मला कापूस कळतो. दिवसभर हातात तोच असतो. बाकीच्यांना कळत नाही.’ मोटारीत भाच्याचे वाक्य ओळखीचे वाटले ते यामुळे. आजोबांचा पहिलाच आकडा लागला. त्या पैशांनी त्यांनी आजीला जांभळ्या काठाचे इरकली लुगडे आणले. चाळीतल्या बायका पाहायला आल्या. त्यानंतर चार वर्षांत आजीच्या माहेरच्या सोन्याच्या पाटल्या गहाण पडल्या, आणि त्या सुटून काही आल्या नाहीत. मी आजीला पाहिले ते काचेच्या बांगड्यांतच.

मी तिला एकदा विचारले होते, ‘आजी, आजोबा पाटल्या आकड्यात हरले ना गं?’

ती म्हणाली, ‘हरण्यात नाही गेल्या, बाय. हरला असता तर दुसऱ्या दिवशी गप गिरणीत गेला असता. माझ्या पाटल्या त्या लुगड्यानं नेल्या.’

भाचा खाली मान घालून ऐकत होता. दाराजवळच्या खुंटीवर निळा कोट लटकत होता. त्याच्याकडे मी बोट दाखविले नाही. त्याने आपणच तिकडे पाहिले.

‘आईला सांगशील?’ त्याने विचारले.

‘मी नाही सांगणार. उद्या सकाळी तू सांगणार. मी शेजारी बसेन.’

क्लोज

सकाळी चहाच्या वेळी त्याने सांगितले. ताई रडली नाही, ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, ‘आकडा किती?’ तो शब्द तिच्या तोंडून सहज निघून गेला आणि आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे पाहत राहिलो.

ओहायो राज्याने पैजेची दुकाने उघडताना एक चांगली सोय मात्र केली आहे. ज्याला स्वतःचा भरवसा वाटत नाही, त्याला आपणच आपले नाव बंदीच्या यादीत घालता येते. एक वर्ष, पाच वर्षे, किंवा जन्मभर. ताईने त्याला संगणक घेऊन समोर बसविले आणि अर्ज भरून घेतला. भाच्याने एक वर्ष निवडले. ‘पाच का नाही?’ मी विचारले. ‘आधी एक होतंय का बघतो,’ तो म्हणाला. मला ते उत्तर आवडले. पंधराशे डॉलरची फी त्याने उन्हाळाभर एका गोदामात काम करून भरली. भावोजी दोन महिने त्याच्याशी मोजकेच बोलत होते. आणि ताई तो निळा कोट अजून घालते. थंडीत कोट घालायचाच असतो, एवढेच ती म्हणते.

परत आल्यावर मी त्या आठ डॉलरांबद्दल कोणाजवळ बोलले नाही. पण २०२५ च्या नोव्हेंबरात एक बातमी वाचली आणि अंगावर शहारा आला. त्याच ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड संघाच्या दोन पिचरांवर केंद्र सरकारने आरोपपत्र ठेवले. पैज लावणाऱ्यांशी संगनमत करून त्यांनी ठरावीक चेंडू मुद्दाम भलतीकडे टाकले, असा आरोप. दोघांनीही तो नाकारला आहे आणि खरेखोटे न्यायालय ठरवील. बेसबॉलच्या चालकांनी मात्र लगेच पैज घेणाऱ्या कंपन्यांशी ठरवून एका चेंडूवर दोनशे डॉलरांपेक्षा जास्त पैज घ्यायची नाही, अशी मर्यादा घातली. म्हणजे बॉल की स्ट्राइक, हा मी मेथी निवडता निवडता खेळलेला डाव! टोपी सारखी केली की बाहेरचा चेंडू, हा माझा सिद्धांत आठवून मला माझीच लाज वाटली. १९१९ साली विकत घ्यायला आठ माणसे लागली होती, असे म्हणतात. आता एक चेंडू विकत घेतला तरी भागावे, अशी सोय झाली आहे.

२०२६ चा मार्च आला. एक वर्ष पुरे झाले. त्या रात्री मला झोप येईना. पण विचारायचे कसे? शेवटी मी फोन लावला आणि थट्टेच्या सुरात म्हणाले, ‘काय रे, ओपन काय आला?’

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग तो हसला.

‘क्लोज आलाय, मावशी. पाच वर्षांचा. मघाशीच अर्ज भरला.’

ताईने त्याच्या हातून फोन घेतला आणि विचारले, या दिवाळीला पाडव्याच्या सारीपाटासाठी घरात चिंचोके आहेत का. आहेत म्हटले. पूर्वी पहिला डाव मी हटकून जिंकत असे. यंदा तो कोणी दुसऱ्याने जिंकला तर मला वाईट वाटणार नाही.